पाठमोरी

झाड ओळखायला ज्योत्स्नाला पापणी लवेपर्यंतही वेळ लागला नाही. पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

चैत लागला होता. कुरुडझरीत दारोदार मोहफुलं वाळत पडली होती आणि त्या गोडसर वासानं गावची कुत्रीसुद्धा सुस्तावली होती. पहाटे वेचून आणलेला मोह पसरायचा म्हणून ज्योत्स्ना अंगण झाडत होती. झाडू डाव्या हातात. ती जन्माची डावरी. सासू गुणाबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती, आणि लग्नाला एवढी वर्षं झाली तरी तिनं हा एक विषय काही सोडला नव्हता.

“उजव्या हातानं झाड वो माय. डाव्यानं झाडलं का लक्ष्मी घराबाहेर जाते.”

“जाची असती तं कवाचीच गेली असती, आई.”

“बोल, बोल. जीभ बी डावीच हाय तुही.”

दोघी हसल्या. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. गावाच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला होता. वर लाल अक्षरात लिहिलेलं, ‘पाहा, जंगलाला आग लावणारी हीच ती बाई. आजचा व्हिडिओ. सर्वांना पाठवा.’

आता कुरुडझरीत त्या आठवड्यात आग हा शब्द काढायचीच खोटी होती. चार दिवसांपूर्वी डोंगरावर वणवा लागला आणि ग्रामसभेनं जीव लावून राखलेला बांबू जळून गेला. त्या बांबूच्या तोडणीवर गावातल्या निम्म्या घरांची उन्हाळ्याची मजुरी होती. माणसं हिरव्या फांद्या घेऊन दिवसभर आग झोडपत होती. कोणाच्या भुवया जळल्या, कोणाच्या तळपायाला फोड आले. आग कोणी लावली हे मात्र कळेना. राग होता आणि तो कोणावर काढायचा हे ठाऊक नव्हतं. अशा वेळी हा व्हिडिओ आला.

ज्योत्स्नानं तो लावला. जाळ, धूर, आणि धुरात पाठमोरी एक बाई. डोक्यावर पदर, हातात झाडू. झाडाखालचा पालापाचोळा ती जाळाकडे लोटत होती. मोहाची फुलं पाल्यात दिसत नाहीत, म्हणून पूर्वी झाडाखाली असाच जाळ करायचे. आता गावच्या वनसमितीनं हिरव्या जाळ्या दिल्यात, त्या झाडाखाली अंथरायच्या आणि फुलं झेलायची. जाळ करायला बंदी आहे.

बाई कोण ते दिसत नव्हतं. झाड मात्र दिसत होतं. बुंध्यापासून दुभंगलेलं, आणि एक जाडजूड फांदी पार जमिनीपर्यंत झुकलेली, पाणी प्यायला वाकलेल्या बैलाच्या मानेसारखी. असं झाड उभ्या जंगलात एकच. ज्योत्स्नाची बोटं चालली.

‘हा तं सोमारीचा मोह. टोल्याकडचा.’

एवढंच लिहिलं तिनं. सोमारीनं आग लावली असं काही लिहिलं नाही, हे ती नंतर किती वेळा स्वतःला सांगणार होती! पण कुरुडझरीत झाडाचं नाव घेणं आणि माणसाचं नाव घेणं यात फरक नसतो. जंगल सगळ्यांचं असलं तरी प्रत्येक मोहाला घर असतं. आजोबा-पणजोबांपासून वाटून आलेलं. एका घराच्या झाडाखाली दुसऱ्या घरची बाई वाकत नाही, तिथं फुलांचा सडा कुजून गेला तरी.

गावातल्या टवाळ पत्रूनं लगेच खाली लिहिलं, ‘म्हणजे सोमारीच.’

आणि लिहिणारी ज्योत्स्ना होती, हे आणखी वाईट. बारावी झालेली, गावातली मोबाईलची जाणकार. बायांना साडी मागवायची असो की पोराचा दाखला काढायचा, सगळ्या तिच्याकडेच येत. तीसुद्धा फसूनच शहाणी झाली होती म्हणा. गेल्या वर्षी जाहिरात पाहून तिनं वाघ पळवणारी बॅटरी मागवली. बटण दाबलं की असा भोंगा वाजतो की वाघ कोसभर पळतो, असं दाखवलं होतं. खोक्यातून निघालं काय, तर पोरांचं खेळणं, आणि बटण दाबलं की वाढदिवसाचं गाणं वाजायचं. वाघाचा वाढदिवस कवा हाय म्हणून पत्रूनं महिनाभर विचारलं. तेव्हापासून ज्योत्स्ना कोणतीही वस्तू घ्यायच्या आधी लोकांच्या तक्रारी वाची, विकणारा कोण ते बघे, फोटो मोठा करून शिवण तपासे. साध्या परकराला ती दहा प्रश्न विचारायची.

दुपारी तिच्या बहिणीचा भद्रावतीहून फोन आला. “अवो, तुमच्या गावची ते सोमारी लगित फेमस झाली ना! आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आली ते.”

ज्योत्स्नानं बघितलं. व्हिडिओतल्या बाईभोवती आता लाल गोल काढलेला होता आणि वर ठळक अक्षरात नाव होतं. सोमारी, कुरुडझरी.

तिनं फोन पालथा ठेवला. ती स्वतःशीच म्हणाली, मी खोटं थोडीच लिहिलं? झाड तिचंच हाय ना?

*

वाघाची भीती असल्यापासून मोहाला एकटीदुकटीनं जायचं नाही असं ठरलेलं होतं. पहाटे फटफटलं की सगळ्या बाया टोल्याच्या फाट्यावर जमायच्या, मग हाकारे घालत, टोपल्या वाजवत एकदम जंगलात शिरायच्या. सोमारीचं घर टोल्यात, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत, फाट्याला लागूनच. ती नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन उभी असायची.

दुसऱ्या दिवशीही ती उभी होती. डोक्यावर टोपली, खांद्यावर घडी केलेली हिरवी जाळी. बुटकी, रुंद पाठीची सोमारी, एरवी लांबूनच हाक मारणारी.

बाया आल्या आणि थांबल्याच नाहीत. उर्वशी पुढे होती, तिचा नवरा आगीत भाजला होता. तिनं सोमारीकडे बघून बाजूला थुंकलं आणि चालू लागली. बाकीच्या तिच्या मागे. 

“ज्योत्स्ना,” सोमारीनं हाक मारली.

ज्योत्स्नाचा पाय अडखळला. थांबावं असं तिला वाटलं. पण सगळ्या बाया पुढे चालल्या होत्या आणि उर्वशीनं मागे वळून पाहिलं होतं. “मागून ये, बाई,” असं काहीतरी पुटपुटत ती पुढे गेली. तिला त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली, पण पाय काही मागे फिरले नाहीत.

सोमारी मागून आली. बरंच अंतर ठेवून, एकटी. तिच्या टोपलीवरची काठी टक-टक वाजताना सगळ्यांना ऐकू येत होती. हाकारे मात्र तिनं घातले नाहीत.

ज्योत्स्नाचा मोह सोमारीच्या मोहापासून हाकेच्या अंतरावर. ओंजळी भरभरून फुलं पडली होती, अंगावर टपटप पडतच होती. वाकून वाकून कंबर धरली तशी ती रोजच्या जागी पाणी प्यायला बसली. रोजची जागा म्हणजे आडवं पडलेलं एक जाडजूड लाकूड. वाळवी लागलेलं, वरून गुळगुळीत झालेलं. तिनं पाण्याची बाटली उघडली, तोंडाला लावली आणि तशीच थांबली.

समोर सोमारीचा मोह होता. दुभंगलेला बुंधा. आणि झुकलेली फांदी? फांदी नव्हतीच. तिच्या जागी खोडावर काळपट वण होता.

ती फांदी गेल्या साली आषाढातल्या वादळात मोडली होती. ज्योत्स्नाला चांगलं आठवत होतं, मोडली तेव्हा टोल्यापर्यंत आवाज गेला होता. ती मोडलेली फांदी म्हणजेच हे लाकूड. ती रोज त्याच फांदीवर बसून पाणी पीत होती.

तिनं फोन काढला. जंगलात रेंज नव्हती, पण व्हिडिओ फोनमध्ये उतरलेला होता. फांदी त्यात होती, जिवंत, फुलांनी भरलेली. आजचा व्हिडिओ म्हणे! हा तर फांदी मोडायच्याही आधीचा. तेव्हा जाळ्या नव्हत्या, गावातल्या सगळ्याच बाया झाडाखाली जाळ करायच्या, तीसुद्धा.

 परकराला दहा प्रश्न विचारणारी मी, तिला वाटलं, आणि माणसाच्या बाबतीत एकही विचारला नाही. पलीकडे सोमारी जाळीवरची फुलं गोळा करत होती, एकटीच, मधूनमधून मान वर करून झुडपांकडे बघत.

*

घरी येताच तिनं ग्रुपवर लिहिलं. ‘हा व्हिडिओ जुना आहे. सोमारीच्या मोहाची फांदी गेल्या वर्षी मोडली. व्हिडिओत ती आहे. कृपया पुढे पाठवू नये.’

दोघांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. पत्रूनं लिहिलं, ‘फांदी धुरात दिसून राह्यली असंल, वहिनी.’ कोणीतरी लिहिलं, ‘मैत्रीण आहे ना तिची.’ मग कोणीतरी तेंदूपानांच्या खरेदीची तारीख विचारली आणि बोलणं तिकडे गेलं.

जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. निकेशला समितीनं यंदा वणव्याचा रखवालदार नेमला होता. गळ्यात शिटी अडकवून तो दिवसभर डोंगर पालथा घालायचा, आणि आग लागली तीही नेमकी त्याच्याच पट्ट्यात. तो आधीच चिडलेला.

“आता तू कायले मधी पडते?” तो म्हणाला. “गुणवंतरावांनं सभा बलावली हाय रविवारी. सोमारीचा मोह काढून घेणार हाय समिती, दुसऱ्या घराले देणार. झालं गेलं, गाव थंडं होईन.”

“झाड काढून घेतीन?” ज्योत्स्नाचा घास हातातच राहिला. “निकेश, ते तिच्या सासऱ्याच्या बापापासूनचं झाड हाय. वर्षभराचं मीठमिरची, पोरीचे कपडे, समदं त्याच्यावर हाय.”

“मंग तुले कोणं सांगतलं होतं नाव लिवाले?”

तिनं ताट सारलं. ज्योत्स्ना गुणवंतरावांकडे गेली. ते वनसमितीचे अध्यक्ष, माणूस तसा सरळ, पण आगीनंतर त्यांना कोणी झोपू दिलं नव्हतं. त्यांनी फांदीचं सगळं ऐकून घेतलं.

“तुह्या म्हणण्यानं जुना हाय. पण साक्ष कोण देईन? जुना हाय तं कोणत्या सालचा? मंग या साली आग कोणं लावली? सोमारीले विचारलं तं ते तोंडातून अक्षर काढत नाई. गप बसलेल्या माणसाले निर्दोष कसं म्हणू, सांग मले?”

हे तिलाही कोडंच होतं. सोमारी बोलत का नव्हती? नाही म्हणायला काय जात होतं?

*

शुक्रवारी दुपारी ऊन असं तापलं की मोहफुलं हाताला चटके देऊ लागली. गुणाबाई सावलीत बसून फुलं चोळत होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं स्वच्छ दिसायचं, आणि दिसलेलं ती बोलून दाखवायची.

“गाव ज्याच्यापायी पेटलं तो पिच्चर मले तं दाखव,” ती म्हणाली.

ज्योत्स्नानं फोन तिच्यापुढे धरला. गुणाबाईनं पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. मग तिनं सूप खाली ठेवलं.

“हे सोमारी नाई.”

“तुमाले कसं समजलं?”

“सोमारी हाय एवढी.” तिनं हातानं उंची दाखवली. “अन् हे बाई उंच हाय, शेवग्याच्या शेंगेवानी. अन् तिचा हात पाह ना. झाडू कोणत्या हातात हाय?”

ज्योत्स्नानं पाहिलं. बाई पाला जाळाकडे लोटत होती. लांब लांब फटकारे मारत. डाव्या हातानं.

अंगणात कुठेतरी कोंबडी ओरडत होती. ज्योत्स्नानं व्हिडिओ पुन्हा लावला. तिला त्या बाईच्या अंगावरची साडी ओळखू आली, आपलीच, काठाला विटलेली, नंतर गोधडीत गेलेली. ते वर्ष आठवलं. सोमारीचा बाप वारला, ती एटापल्लीकडे माहेरी निघाली आणि जाताना म्हणाली, ‘मले मोह वेचाले जमत नाई यंदा. तू वेच माह्या झाडाखालचा, कुजाले नको.’ झाड एका हंगामापुरतं दुसरीला देणं म्हणजे केवढी गोष्ट! ज्योत्स्ना नवी होती तेव्हा, मोह वेचायलाही सोमारीनंच शिकवलं होतं. तिनं त्या झाडाखाली जाळ केला, झाडलं, फुलं वेचली. वाटेनं कोणीतरी फिरस्ते मोटरसायकलवाले थांबले होते, फोन पुढे धरून हसत होते, हेही आता आठवलं.

स्वतःच्या पाठीवरून माणूस स्वतःला ओळखत नाही. झाड तिला ओळखता आलं आणि आपलीच पाठ ओळखता आली नाही.

“आई,” ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

“मी तुले रोज सांगतो,” गुणाबाई हळू आवाजात म्हणाली. तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. “रडून का होते? उठ. तिच्या घरी जा पह्यले.”

*

सोमारी ओसरीवर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. कोलू, तिचा नवरा, बाजेवर पडून छताकडे बघत होता. ज्योत्स्नाला पाहून तो उठला आणि काही न बोलता मागच्या दारानं निघून गेला. एरवी जोहार घालून पाणी विचारणारा माणूस.

ज्योत्स्ना खाली बसली. तिनं काडी उचलली, एका पानाला लावली, पान फाटलं.

“ते मी हाय, सोमारी. त्या व्हिडिओत.”

“माहीत हाय मले.” सोमारीचे हात थांबले नाहीत.

“कवापासून?”

“पह्यल्याच खेपेला. कोलूनं दाखवला तवाच. तुह्या हातचा झाडू मी ओळखणार नाई का? मीच शिकवलं तुले.”

“मंग बोलली काऊन नाई? गाव थुंकून राह्यलं तुह्यावर, वाघाच्या रस्त्यानं एकटी जाऊन राह्यली तू!”

सोमारीनं पत्रावळ बाजूला ठेवली.

“झाड मी देल्लं होतं तुले. आमच्यात झाड देल्लं का त्याच्या खालचं समदं देणाऱ्याच्या अंगावर असते. खाली साप निघाला तं, आग लागली तं. तुहं नाव मी कसं घेऊ?” ती जरा थांबली. “अन् दुसरं असं, का तू लिवलं होतं. माह्या मोहाचं नाव तूच लिवलं. मले वाटलं, ज्योत्स्नानं स्वतःले ओळखलं अन् मुद्दाम माह्यावर टाकलं. निकेशचं काम हाय ना समितीत. मले वाटलं, घर वाचवून राह्यली आपलं, वाचवू दे.”

“नाई वो!” ज्योत्स्ना जवळजवळ ओरडलीच. “देवाशप्पथ नाई. मी पाह्यलंच नाई. झाड दिसलं अन् लिवून टाकलं.”

“पाह्यलं बी नाई?” सोमारी तिच्याकडे बघत राहिली. “म्हणजे तेवढा बी इचार नाई केला माह्या नावाचा?”

मुद्दाम केलं असतं तर सोमारीला परवडलं असतं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. ज्योत्स्नानं मान खाली घातली. असं ओशाळं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

*

रविवारची सभा समाजमंदिरात भरली. पंखा बंद, माणसं दाटीनं बसलेली. पोळलेल्या पायाला हळद लावलेले दोघं-तिघं मुद्दाम पुढे बसले होते. सोमारी आणि कोलू दाराशी. सकाळीच ज्योत्स्नानं निकेशला सगळं सांगितलं होतं. तो इतकंच म्हणाला होता, “वणव्याचा रखवालदार मी, अन् आगवाली माही बायको. घे, गाव हसाले मोकळं.” मग शिटी गळ्यात घालून तो सभेला आला होता, तिच्यापासून लांब बसला होता.

गुणवंतराव उभे राहिले. “आग कोणं लावली याचा पक्का पुरावा नाई. पण व्हिडिओ समद्यायनं पाह्यला. सोमारीबाई काही बोलत नाई. तवा समितीचा इचार असा हाय, का तो मोह...”

“थांबा जी,” ज्योत्स्ना उठली.  “व्हिडिओतली बाई सोमारी नाई. मी हाय.”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग पत्रू म्हणाला, “अरे बाप्पा!”

“समदे फोन काढा. ग्रुपवर हायच तो. ते बाई कोणत्या हातानं झाडून राह्यली ते पाहा. अन् या गावात डाव्या हातानं झाडणारी कोण हाय ते माह्या सासूले विचारा.”

मागून गुणाबाईचा खणखणीत आवाज आला. “मी रोज सांगतो तिले. ऐकतच नाई!”

हसू फुटलं. उर्वशीसुद्धा हसली आणि मग पदर तोंडाला लावून गप्प झाली. फोन निघाले, माना वाकल्या. ज्योत्स्नानं साल सांगितलं, सोमारीच्या बापाची मौत सांगितली, झाड कसं दिलं ते सांगितलं, मोडलेली फांदी सांगितली. कोलूनं मान डोलावून दुजोरा दिला. त्या साली जाळ समद्याच करत होत्या, असं दोन-तीन म्हाताऱ्या एकदम बोलल्या.

“पण मले एक सांग,” गुणवंतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. “तू होती, तं दुसरीचं नाव लिवलं कसं?”

“नाव नाई, झाडाचं लिवलं. पण ते एकच झालं. मी झाड पाह्यलं, बाई कोण ते पाह्यलंच नाई. सोमारीच्या झाडाले हात लावू नोका. दंड मले करा.”

मोह सोमारीकडेच राहिला. नव्या वणव्याचा गुन्हेगार काही सापडला नाही, आजपर्यंत नाही. पण ज्याला राग काढायचा होता त्याला काढायला जागा हवीच होती. कोणीतरी म्हणालं, ज्याच्या घरात असं, त्याच्या हाती जंगल कसं द्यावं? निकेश उठला, गळ्यातली शिटी काढली आणि टेबलावर ठेवली. “ठेवा जी,” म्हणाला, आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी ती शिटी गावातल्या प्रवीण नावाच्या पोराच्या गळ्यात होती.

दोन दिवस निकेश बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कुऱ्हाडीला धार लावता लावता म्हणाला, “मी असतो तं लपवलं असतं.” एवढंच. ज्योत्स्नानं त्याच्यापुढे चहा ठेवला.

*

ज्योत्स्नानं ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. स्वतःचं नाव, साल, सगळं. सर्वांना पाठवा असंही लिहिलं. कोणी पाठवलं नाही. तिनं बहिणीला सांगितलं तर बहीण म्हणाली, “बाई, तो ग्रुप आता लग्नाच्या फोटोंमंदी गेला.” लाल गोलातली सोमारी मात्र फिरतच होती. कधी कोरपन्याहून यायची, कधी कुठून. ज्योत्स्नाला वाटे, सोडलेलं आपण आणि आता धरायला जावं तर हातात काही येत नाही.

सोमारी बाकीच्या बायांबरोबर येऊ लागली होती. उर्वशीनं तिच्या घरी हरभऱ्याची भाजी नेऊन दिली होती. पण ज्योत्स्नाशी ती कामापुरतंच बोलायची, आणि तिच्या शेजारून चालत नसे.

मोहाचा हंगाम सरत आला तशा दोघी आपापली पोतडी घेऊन आठवडी बाजारात गेल्या. एकाच गाडीत, पण लांब लांब बसून. बाजारात ओळीनं बाया बसलेल्या. पलीकडच्या गावची एक अनोळखी बाई फुलं दाखवता दाखवता सोमारीचं नाव ऐकून थबकली. कुरुडझरीच्या म्हणता ना तुमी, असं विचारून शेजारणीला म्हणाली, “अवो, हे तं तेच! आगवाली. मोबाईलवरची.”

सोमारीनं पदर पुढे ओढला आणि फुलं चाळत राहिली. ज्योत्स्ना उठली. मधल्या दोन पोतड्या ओलांडून त्या बाईसमोर जाऊन बसली.

“बाई, तुमच्या मोबाईलात हाय का तो? दाखवा.”

बाईनं दाखवला.

“हे आगवाली मी हाय. हा हात पाहा. डावा. अन् हे साल जुनं हाय. ह्या सोमारीबाईचा त्याच्यात काही संबंध नाई.”

“अवो माय! मंग तिचं नाव कोणं लिवलं?”

“मीच लिवलं.”

बाईनं तिच्याकडे असं पाहिलं की ज्योत्स्नाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तरी ती उठली नाही. “आता पुसा तो. अन् तुमाले ज्यानं पाठवला त्याले सांगा, आगवाली भेटली होती बाजारात म्हणून.” बाईनं खरंच पुसला. शेजारणीनंही.

बाजार उठेस्तोवर आणखी एकीला असंच सांगावं लागलं.

परतताना गाडीनं त्यांना फाट्यावर सोडलं. सोमारी टोल्याकडे वळली आणि थांबली.

“किती जणींले सांगशीन असं?”

“विचारतीन तितक्यांले.”

“अन् ज्या विचारणार नाई, नुसत्या पाहून घेतीन?”

 ज्योत्स्नाला याचंच रोज वाईट वाटत होतं. सोमारीनं रिकामी टोपली एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली.

“जाळी काढाची हाय पहाटे. पाल्यानं भरली. एकटीनं होत नाई,” ती म्हणाली. “लवकर येजो. झाडू मी आणतो.”

पहाटे ज्योत्स्ना सगळ्यांच्या आधी फाट्यावर पोचली. सोमारी उभीच होती, हातात दोन झाडू. तिनं एक पुढे केला. ज्योत्स्नानं तो घेतला, डाव्या हातात. सोमारीनं त्या हाताकडे पाहिलं आणि चालू लागली. बाकीच्या बाया मागून हाकारे घालत येत होत्या.

पायवाट अरुंद, एकीमागे एकच जाता येईल अशी. सोमारी पुढे, ज्योत्स्ना मागे. वाटभर तिच्यापुढे ती पाठ होती, बुटकी, रुंद, उजव्या खांद्यावर जरा कललेली. कुठेही, कितीही धुरात ओळखावी अशी पाठ. त्या दिवशी लिहायच्या आधी एवढं एकदा आठवलं असतं तरी पुरे होतं. ज्योत्स्नाला एकदम रडू आलं.

“का झालं?” सोमारीनं मागे न बघता विचारलं.

“काई नाई,” ज्योत्स्ना म्हणाली. “चाल.”